पहिला फुल फ्रेम कॅमेरा घेताना: आधी लेन्स, मग बॉडी

माझी पहिली फुल फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा लेन्सशिवायचा कॅमेरा, घरी आली, तेव्हा साठवलेले सगळे पैसे तिच्यातच गेले होते. लेन्ससाठी काही उरलं नव्हतं, म्हणून जुन्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ किट लेन्स तिच्यावर चढवली. लेन्स बसली, फोकसही झाला. पण व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक लहान चौकट उमटली आणि तिच्या बाहेरचं सगळं वाया गेलं. ती लेन्स छोट्या सेन्सरसाठी घडवलेली होती. तिच्यातून पडणारं प्रकाशाचं वर्तुळ मोठ्या सेन्सरला पुरत नाही. कॅमेऱ्याने कडा आपोआप कापल्या आणि २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून मला जेमतेम १० मेगापिक्सेलचे फोटो मिळू लागले. एक ५० एमएमची लेन्स घेण्याइतके पैसे जमेपर्यंत सात महिने मी त्याच चौकटीतून बघत होते.

तुमचे ते सात महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. क्रम असा धरा: तुम्ही काय टिपता ते आधी, मग लेन्स, मग माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी खोबण) आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

फुल फ्रेम म्हणजे काय, आणि त्याने होतं काय

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हे माप सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरून आलं. सिनेमाची चौकट २४ बाय १८ मिलिमीटरची होती. जर्मनीत लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने तीच फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट केली, आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. पुढे जगभर हेच माप रुजलं, म्हणून डिजिटलमध्येही त्यालाच 'पूर्ण' म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असतो. तो साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, कॅननमध्ये त्याहून किंचित लहान.

क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सव्वादोन पटीहून थोडा मोठा भरतो. तेच अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) आणि तोच शटर स्पीड ठेवला तर त्याला एकूण प्रकाशही तितकाच जास्त मिळतो, म्हणून अंधारात फोटो स्वच्छ येतो. फुल फ्रेमवर आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) ६४०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे एपीएस-सीवर साधारण २८०० लाच दिसायला लागतात. पहाटेच्या काकड आरतीला गाभाऱ्यात फक्त समया तेवत असताना हा फरक खराखुरा आहे. दुपारच्या उन्हात तो शोधूनही सापडत नाही.

आता लेन्सचं गणित बघा. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. किट झूमचं अॅपर्चर एफ/४ असेल आणि त्या जागी एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स लावली, तर जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. सेन्सर बदलून सव्वादोन पट, लेन्स बदलून पाचपट. ज्यांना अंधाराचा त्रास आहे त्यांना मी आधी आहे त्याच कॅमेऱ्यावर एक एफ/१.८ ची लेन्स लावून बघायला सांगते. काहींचं काम तिथेच भागतं.

मोठ्या सेन्सरची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तीच चौकट, तेच अॅपर्चर असताना फुल फ्रेमवर फोकसचा पट्टा पातळ होतो. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला ते छान दिसतं. पण मांडवात तीन रांगांत पंचवीस पाहुणे उभे असतील, तर मागच्या रांगेतली आजी धूसर होते. तिला स्पष्ट आणायला एफ/५.६ किंवा एफ/८ पर्यंत जावं लागतं, मग आयएसओ वर चढतो आणि मोठ्या सेन्सरने दिलेली सवलत तिथेच खर्ची पडते.

पायरी १: स्वतःचे जुने फोटो मोजा

गेल्या वर्षभरातले, तुम्हाला स्वतःला आवडलेले दोनशे फोटो वेगळे काढा. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाने चाळता येतं, नाहीतर प्रत्येक फाइलच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते तो एमएममधला आकडा), अॅपर्चर आणि आयएसओ लिहिलेला असतोच. वहीत तीन रकाने करा आणि नोंदी घ्या. एक दुपार जाईल, पण एवढा खरा सल्ला दुसरा कुणी देणार नाही.

एपीएस-सीवरच्या फोकल लेंग्थला दीडने गुणा, कॅनन असेल तर १.६ ने. बहुतेक फोटो २३ एमएमच्या आसपास असतील तर फुल फ्रेमवर तुमची लेन्स ३५ एमएम. ५५ च्या आसपास असतील तर ८५. आयएसओच्या रकान्यात सगळीकडे १०० ते ८०० दिसत असेल, तर फुल फ्रेमची तुम्हाला अजून गरज लागलेली नाही. ३२००, ६४०० असे आकडे वारंवार येत असतील आणि त्याच फोटोंवर तुम्ही हळहळला असाल, तर पुढे वाचा.

पायरी २: नको असण्याची दोन कारणं तपासा

पहिलं कारण पक्षी. भिगवणला थंडीत होडीतून रोहित पक्षी टिपायचे तर अंतर तोडावं लागतं. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम फोटो एपीएस-सीच्या मापाला कापला की हातात दहा-साडेदहा मेगापिक्सेल उरतात. त्याच लेन्सवर कॅननच्या आर७ सारखी एपीएस-सी बॉडी ३२.५ मेगापिक्सेल देते. फुल फ्रेमवर तेवढीच झेप हवी तर लेन्सचा खर्च आणि वजन दोन्ही कितीतरी वाढतात. ज्यांना फक्त पक्षी आणि वन्यजीवच टिपायचे आहेत, त्यांनी पहिल्या खरेदीत तरी फुल फ्रेमच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण वजन. निकॉन झेड५ बॅटरीसकट ६७५ ग्रॅम. त्यावर २४-७० एफ/२.८ लावली की आणखी ८०५ ग्रॅम. पिशवीत ७०-२०० एफ/२.८ असेल तर वर जवळपास दीड किलो. म्हणजे पट्टे, बॅटऱ्या, पाण्याची बाटली सोडून तीन किलो. खरेदीआधी पाठपिशवीत किलो-किलोची साखरेची तीन पाकिटं भरा आणि सिंहगड पायी चढून या. वर पोचल्यावर पिशवी उघडून काही काढावंसं वाटलं, तर हलक्या प्राइम लेन्सचा संच निवडा. कॅनन आरएफ ५० एमएम एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आहे, निकॉनची ४० एमएम एफ/२ साधारण १७०.

पायरी ३: आधी लेन्सची यादी लिहा

बजेटमध्ये दहा रुपये असतील तर चार बॉडीला, पाच लेन्सला आणि एक बाकीच्याला: कार्ड, जादा बॅटरी, बुरशीपासून वाचवणारी पेटी. दुकानात हे प्रमाण उलटं होतं, कारण जाहिराती बॉडीच्या असतात.

पहिल्या वर्षी दोनच लेन्स घ्या. एक एफ/१.८ ची प्राइम, ३५ किंवा ५० किंवा ८५, पायरी १ मधल्या वहीत जी निघाली ती. आणि एक कामाची झूम. ही झूम एफ/४ ची २४-१०५ किंवा २४-१२० असू शकते, नाहीतर सोनीच्या माउंटसाठी टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८, जी ५४० ग्रॅममध्ये बसते. जत्रा, वारी, गोंधळ असल्या ठिकाणी मी एफ/४ ची लांब झूम आणि खिशात एक ५० एवढंच नेते. अजून तिसरी लेन्स आठवली नाही.

किट लेन्सचं काय, असं विचारलं जातं. बॉडीबरोबर मिळणारी छोटी झूम वाईट नसते, पण दुसऱ्या टोकाला तिचं अॅपर्चर एफ/६.३ पर्यंत आक्रसतं. ज्या अंधारासाठी फुल फ्रेम घेतला, त्याच अंधारात ती हात टेकते.

पायरी ४: माउंट

हा निर्णय सगळ्यात लांब पल्ल्याचा. बॉडी पाच-सहा वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षं राहतात, आणि त्या एका कंपनीच्या दुसरीवर सरळ बसत नाहीत. म्हणून घर बघावं तसं माउंट बघा.

सोनीने २०१३ मध्ये ए७ आणून आरसा नसलेल्या (मिररलेस), लेन्स बदलता येणाऱ्या आणि ऑटोफोकसच्या फुल फ्रेमची सुरुवात सगळ्यांआधी केली. त्यामुळे ई माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांच्यासारख्या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स सर्वांत जास्त आहेत. वापरलेल्या लेन्सही सहज मिळतात. बेताच्या पैशांत जास्तीत जास्त पर्याय हवे असतील तर हा माउंट सोयीचा.

कॅनन आरएफ आणि निकॉन झेड हे दोन्ही २०१८ चे. कॅननच्या स्वतःच्या लेन्स उत्तम आहेत, पण बाहेरच्यांसाठी दार उशिरा उघडलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला वाट मिळाली, तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सपासून. कॅननचं बलस्थान दुसरं आहे: १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स एका साध्या अॅडॉप्टरने नव्या बॉडीवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. घरात कुणाची जुनी कॅनन लेन्स पडून असेल तर ती आधी शोधा.

निकॉनच्या बाबतीत इथे एक खाच आहे. जुन्या एफ माउंटच्या लेन्स एफटीझेड अॅडॉप्टरने झेड बॉडीवर बसतात, पण 'डी' प्रकारच्या बहुतेक लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. त्यांचा फोकस जुन्या बॉडीतला एक स्क्रू फिरवत असे, आणि तो स्क्रू अॅडॉप्टरमध्ये नाही. आपल्याकडे घरोघरी असलेली ५० एमएम एफ/१.८ डी अशीच आहे. झेडवर ती चालते, पण फोकस हाताने करावा लागतो. नव्या झेड लेन्स मात्र, एफ/१.८ च्या साध्या प्राइमसुद्धा, कडेपर्यंत फार सुरेख आहेत.

चौथा एल माउंट. २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा एकत्र आले. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर पॅनासॉनिकच्या बॉडी जरूर बघा. ऑटोफोकससाठी २०२३ ची एस५ मार्क टू किंवा त्यानंतरचीच घ्या, कारण फेज डिटेक्ट फोकस (फोकस झटकन पकडण्याची पद्धत) तिथून आला.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही, पण मी तिला मोठा मान देते: तुमच्या गावात, ओळखीत कुठला माउंट जास्त आहे? आदल्या रात्री लेन्स पडली तर मागून आणता येणारी दुसरी लेन्स मित्राकडेच असते.

पायरी ५: आता बॉडी

मेगापिक्सेलचा प्रश्न लवकर मिटतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पूर्ण पान ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० ठिपके) छापायला १९.४ मेगापिक्सेल लागतात. २४ पुरून उरतात. ४५ किंवा ६१ मेगापिक्सेल त्यांच्यासाठी, जे भिंतीएवढं छापतात किंवा खूप कापतात. बाकीच्यांना त्याने फक्त हार्ड डिस्क वाढवावी लागते.

कार्डाच्या जागा मात्र मोजा. ज्याचं लग्न आहे त्याचा क्षण पुन्हा येत नाही, म्हणून पैसे घेऊन काम करायचं असेल तर दोन कार्डं घेणारी बॉडीच हवी. निकॉन झेड५ मध्ये दोन आहेत, कॅनन आर८ आणि सोनी ए७सी मार्क टू मध्ये एकच.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन समयांच्या उजेडात, निसर्गचित्रात, स्थिर मूर्तीसाठी वरदान आहे. पण ते तुमचा हात स्थिर ठेवतं, समोरच्याला नाही. संबळाच्या ठेक्यावर फिरणारा गोंधळी १/३० सेकंदाच्या शटर स्पीडला पुसटच येणार. त्याला १/२५० हवा, म्हणजे पुन्हा मोठ्या अॅपर्चरची लेन्स.

आणि शटर. यावर दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. पण बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीने वाचतो. तेवढ्यात दिवा दोन-चारदा मंदावलेला असतो आणि नवरीच्या शालूवर, मागच्या पडद्यावर आडवे काळपट पट्टे उमटतात. हे पट्टे नंतर नीट निघत नाहीत. उपाय सोपा आहे: हॉलमध्ये मेकॅनिकल शटर, स्पीड १/५० किंवा १/१००, आणि मेनूतला अँटी-फ्लिकर चालू. म्हणून बॉडीत मेकॅनिकल शटर आहे का ते विचारा. पॅनासॉनिक एस९ मध्ये ते नाही. निकॉन झेड९ मध्येही नाही, पण त्याचा सेन्सर इतका झपाट्याने वाचला जातो की तिथे हा त्रास क्वचितच होतो. स्वस्त बॉडीचे सेन्सर तेवढे वेगवान नसतात.

डोळा ओळखून फोकस धरणं ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा. लहान मुलं, नाच, लग्न टिपणाऱ्यांनी यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. देवळं आणि डोंगर टिपणाऱ्यांनी मोजू नयेत.

पायरी ६: हातात धरा, मग एक दिवस भाड्याने आणा

दुकानात बॉडी हातात घेतली की करंगळीकडे बघा. ती खाली लोंबकळत असेल तर तासाभराने मनगट दुखणार. डोळ्याला लावून, न बघता आयएसओ बदलून पाहा. चष्मा असेल तर तो घालूनच व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का ते तपासा.

मग जो संच ठरला असेल तोच भाड्याने घेऊन एका खऱ्या कार्यक्रमाला न्या. मुंबई-पुण्यात दिवसाच्या भाड्याने बॉडी आणि लेन्स मिळतात. एक दिवस पुरतो, कारण ज्या गोष्टीचा त्रास होणार असतो ती पहिल्या दोन तासांत समोर येते.

पायरी ७: बिल, आणि वापरलेला कॅमेरा

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात एका गल्लीत सगळं मिळतं आणि भावही होतो. तिथे किंवा कुठेही, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय घेतलंत तर एवढे कमी' असं कुणी म्हणालं तर त्या कॅमेऱ्याला भारतातली वॉरंटी बहुधा नसते. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा नंबर तिन्ही जुळवून घ्या.

बजेट कमी असेल तर जुने डीएसएलआर (आरसा असलेले कॅमेरे) अजून दमदार आहेत. निकॉन डी७५०, कॅनन ६डी, ५डी मार्क थ्री यांच्यावरचे फोटो आजही कुठल्याही अल्बमात शोभतात. घेताना शटर किती वेळा उडालं ते विचारा. डी७५० आणि ५डी मार्क थ्रीचं शटर दीड लाखांच्या हिशेबाने बनवलेलं आहे, ६डीचं एक लाखाच्या. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच असतो, म्हणून तिथल्या तिथे एक जेपीईजी काढून स्वतः वाचा.

सेन्सर बघायला एफ/१६ लावून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या आणि मोठा करून पाहा. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडा होत नाही. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. भाव कितीही पाडून मिळाला तरी ती लेन्स घेऊ नका.

पायरी ८: पाऊस, भंडारा आणि पेटी

जेजुरीत सोमवतीला भंडारा उधळतात तेव्हा हवाच पिवळी होते. झूम करताना लांबी वाढणारी लेन्स भात्यासारखी काम करते: पुढे सरकली की हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर हळदीची पूडही. तिथे प्राइम लावून जा, सांध्यांवर चिकटपट्टी लावा, आणि लेन्स काहीही झालं तरी बदलू नका. परत आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओल्या कापडाने पुसलं तर हळद चिकटून बसते.

एसी गाडीतून कोकणात उतरलात तर पिशवी बंदच ठेवून अर्धा तास थांबा. थंड काचेवर दमट हवा लागली की लेन्सवर दव धरतं, कधी आतल्या बाजूनेही.

बुरशीला दमटपणा लागतो. हवाबंद डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. ती दाखवणारं छोटं मीटर स्वस्तात मिळतं. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओल घेतली असं समजा. मग एका जुन्या कढईत मंद आचेवर हलवत, पुन्हा निळे होईपर्यंत तापवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. जून ते सप्टेंबर हे काम माझ्याकडे दर दहा-बारा दिवसांनी निघतं.